सीजेसी-१२९५ : एकदा टोचलं की आठवडाभर मुक्काम

वाढीच्या संप्रेरकाला चालना देणारी पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बरीच आहेत. आज एकाविषयीच बोलू या, सीजेसी-१२९५. त्याचा मुख्य धोका त्याच्या रचनेतच आहे.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएचआरएच हे संप्रेरक थोडं थोडं सुटतं आणि त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी वाढीचं संप्रेरक सोडते. जीएचआरएच रक्तात काही मिनिटंच टिकतं; डीपीपी-४ नावाचं विकर त्याचं टोक छाटून टाकतं. कॅनडातल्या कॉन्जुकेम कंपनीनं जीएचआरएचच्या २९ अमिनो आम्लांच्या साखळीतली चार बदलली आणि शेवटी ‘डीएसी’ नावाचा असा दुवा जोडला, की टोचल्यावर रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटावा. हेच सीजेसी-१२९५. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ५.८ ते ८.१ दिवस भरलं. वाढीच्या संप्रेरकामुळे शरीरात तयार होणारं आयजीएफ-१ हे संप्रेरक एका इंजेक्शननंतर ९ ते ११ दिवस चढं राहिलं.

आता हेच रुग्णाच्या बाजूनं बघा. छातीत धडधडलं, अंग तापून लाल झालं, रक्तदाब उतरला, तरी औषध परत काढून घेता येत नाही. अर्धायुष्य ८ दिवस धरलं, तर २४ दिवसांनीही आठवा हिस्सा अंगात असतो.

एचआयव्हीबाधितांमधल्या चरबीच्या विकारावरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २००६मध्येच एका सहभागीच्या मृत्यूनंतर थांबली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याचा औषधाशी संबंध वाटला नव्हता. पण काम तिथंच अडलं, त्यामुळे वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं हे कुणी तपासलेलंच नाही. ‘अपाय सिद्ध झालेला नाही’ हे वाक्य ऐकाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा.

बाजारात याच नावानं दुवा नसलेला रेणूही विकला जातो. ‘डीएसी नाही’ असं लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. तो मिनिटांच्या हिशेबात ओसरतो. त्याच्यासाठी सांगितलेली रोजची मात्रा कुणी दुवा असलेल्या बाटलीतून घेतली, तर आधीचं संपायच्या आत नवं साठत जातं. बाटलीसोबतच्या ‘शुद्धता ९९ टक्के’ या कागदावरही विसंबू नका. एचपीएलसी या रासायनिक तपासणीचा तो आकडा पावडर निर्जंतुक आहे का, तिच्यात एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष आहे का, याबद्दल काहीच सांगत नाही.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०२३मध्ये सीजेसी-१२९५ला, फार्मसीत मिश्रण करून देण्याच्या दृष्टीनं, सुरक्षेची गंभीर शंका असलेल्या पदार्थांत टाकलं. कारणं दिली ती प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेची, पेप्टाइडमधल्या अशुद्धींची आणि हृदयाचे ठोके वाढल्याची. याच कुळातलं टेसामोरेलिन मात्र २०१०मध्ये, एचआयव्हीबाधितांच्या पोटावरच्या चरबीपुरतं, रीतसर मंजूर झालं. त्याच्या माहितीपत्रकातही सक्रिय कर्करोग आणि गर्भारपण असताना ते वर्ज्य आहे, रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. आपल्याकडे २०१९च्या नव्या औषधांच्या नियमांनुसार मंजुरीशिवाय नवं औषध विकता येत नाही. बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ छापलं म्हणून ते माणसाला टोचायची मुभा मिळत नाही. खेळाडूंना तर वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार हे बाराही महिने बंद आहे, स्पर्धा असो वा नसो.

कुणी आधीच घेतलं असेल तर पुढची मात्रा थांबवा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि आयजीएफ-१ तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या, फेकू नका. आत दुवा असलेला रेणू आहे की नसलेला, यावरच किती दिवस लक्ष ठेवायचं ते ठरतं.