काढून टाकलेला ठोका

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजात असताना एका मित्राकडून मी एक कॅसेट मागून आणली होती. कव्हरवर कातडी जाकीट घातलेला, कानात डूल असलेला एक तरुण, मान खाली घालून स्वतःच्याच खांद्याशी कुजबुजल्यासारखा. म्हटलं, आता धमाल नाचगाणी ऐकायला मिळणार. बटण दाबलं, तर आतून चर्चमधला ऑर्गन! संथ, गंभीर, जरासा उदास. मला वाटलं, मित्रानं डबीत भलतीच कॅसेट घालून दिली.

ती कॅसेट बरोबरच होती. अल्बम होता 'फेथ', गायक जॉर्ज मायकल, साल १९८७. आपल्याकडे जुन्या लोकांना ऑर्गन म्हटला की बालगंधर्वांची नाटकं आठवतात, नांदी आठवते. हीसुद्धा नांदीच होती, पण गंमत वेगळीच. त्या ऑर्गनवर जी चाल वाजते ती आहे 'फ्रीडम' या गाण्याची, आणि मुळातलं 'फ्रीडम' हे त्याच्याच आधीच्या 'व्हॅम!' या जोडीचं, अगदी उड्या मारत जाणारं गाणं. लग्नाच्या वरातीतली चाल कुणी अंत्ययात्रेच्या लयीत वाजवावी, तसं ते इथे येतं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मग ऑर्गन विरतो, आणि एक कोरडी गिटार सुरू होते.

अंत्ययात्रा कुणाची, तर त्याच्या स्वतःच्याच गाजलेल्या जोडीची. उत्तर लंडनमध्ये १९६३ साली जन्मलेला हा मुलगा. वडील सायप्रसहून आलेले ग्रीक, हॉटेल चालवणारे. खरं नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायिओटू. आमच्यासारख्या निवेदकांनी घरी सराव करूनच घ्यावं असं. शाळेतला मित्र अँड्र्यू रिजली याच्याबरोबर त्यानं 'व्हॅम!' ही जोडी जमवली, आणि अख्ख्या जगभरच्या पोरींना वेड लावलं. मग २८ जून १९८६ रोजी, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर तुडुंब गर्दीसमोर निरोपाचा कार्यक्रम करून दुकान बंद. तेव्हा त्याला तेवीस वर्षं पुरी होऊन तीनच दिवस झाले होते. चालतं दुकान त्या वयात बंद करायला छाती लागते.

आता त्या कोरड्या गिटारकडे येऊ. 'फेथ' हे शीर्षकगीत नीट ऐका. त्यात आहे काय? गिटार, टाळ्या-चुटक्या, थोडा ताल, आणि आवाज. ताल बो डिडली या अमेरिकन गिटारवाल्याचा. टेबलावर वाजवून बघा, तीन ठोके, थोडा दम, मग दोन ठोके. बस्स. १९८७ सालचं पॉप संगीत म्हणजे सिंथेसायझरचे थरावर थर, ढोल-ताशा पथक बंद खोलीत घुसल्यासारखा दणदणाट. त्या गलबल्यात हा माणूस जवळजवळ हाडांचा सापळा घेऊन उभा राहिला. आणि अमेरिकेत १९८८च्या वर्षभराच्या यादीत तेच गाणं पहिलं आलं.

मला विचाराल तर या अल्बमची सगळी जादू काय घातलं यात नाही, काय काढलं यात आहे. 'फादर फिगर' या गाण्याची गोष्ट सांगतो. ते आधी चांगलं ठणठणीत नाचाचं गाणं होतं. ध्वनिमिश्रण करताना स्नेअर ड्रम बंद करून ऐकलं. स्नेअर म्हणजे आपल्या ताशाचा चुलतभाऊ समजा, तडतडणारा, पाठीवर थाप मारून पुढे ढकलणारा. तो गेला, आणि गाण्याखालची जमीनच सरकली. उरली एक तरंगती लय, मागे गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चगीतांच्या वळणाचे आवाज, आणि अगदी कानाशी येऊन बोलणारा गायक. स्नेअर त्यानं परत आणला नाही. हे गाणंही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

माणसंही त्यानं कमीच ठेवली. गाणी त्याचीच, संयोजन त्याचं, निर्मितीही त्याची. 'हार्ड डे'मध्ये तर सगळं एकट्यानं वाजवलं, आणि स्वतःचाच आवाज वरच्या पट्टीत नेऊन स्वतःलाच उत्तरं दिली. सवाल-जवाबाच्या दोन्ही बाजू एकच माणूस लढवतोय! खरं सांगायचं तर सगळी गाणी मला सारखी आवडत नाहीत. 'मंकी' कॅसेटवर आलं की मी चहा टाकायला उठायचो.

पण 'वन मोअर ट्राय' लागलं की चहा गार व्हायचा. दादऱ्यासारखी झुलणारी संथ लय, जवळजवळ सहा मिनिटं. प्रेमात पोळलेला माणूस पुन्हा प्रेमात पडायला नको म्हणतोय. नको, नको, नको. शीर्षकाचे शब्द, म्हणजे 'आणखी एकदा प्रयत्न', संपूर्ण गाण्यात कुठेच नाहीत. ते येतात अगदी शेवटी, एकदाच. आमच्या संगीतातले बुजुर्ग समेवर यायला मुद्दाम उशीर करतात, तो आनंद इथे मिळाला.

हे गाणं अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीतही पहिलं आलं, आणि अल्बमही. गोऱ्या एकल गायकाचा अल्बम तिथे त्याआधी पहिला आला नव्हता. १९८९च्या सुरुवातीला अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये सोल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गायकीच्या विभागाचे पुरस्कार त्याला मिळाले, तेव्हा कुरबूर झाली. ग्लॅडिस नाइटसारख्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायिकेनंही नाराजी बोलून दाखवली. मला ती चूक वाटत नाही. ज्यांच्या आजी-पणजींनी हे गाणं चर्चमध्ये सोसून घडवलं, त्यांना स्वतःच्याच घरात दुसरं बक्षीस का? पण ॲरिथा फ्रँकलिनसारखी सोलची राणी १९८७ सालीच त्याच्याबरोबर गायली होती, हेही खरं. महिन्याभरात ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बमही 'फेथ'च ठरला.

मग त्यानं काय काढलं? स्वतःचा चेहरा. १९९०च्या पुढच्या अल्बमसाठी तो व्हिडिओत यायलाच तयार नव्हता. एका गाण्यात त्याच्याऐवजी जगातल्या नामांकित मॉडेल ओठ हलवतात. त्याच चित्रफितीत कपाटात एक कातडी जाकीट टांगलेलं दिसतं, माझ्या कॅसेटच्या कव्हरवरचं. बघता बघता ते पेट घेतं. पाठोपाठ गिटारही फुटते. गाण्याचं नाव पुन्हा 'फ्रीडम'च, फक्त पुढे नव्वदचा आकडा. आणि या खेपेला ऑर्गन नाही.