ए छोटे, उठाव!

नमस्कार मंडळी. मी गेली वीस-बावीस वर्षं नागपुरात ऑर्केस्ट्रामध्ये ढोलक वाजवतो, आता आता ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड, तेही वाजवतो. लग्नाचे लॉन, गणपतीचे मांडव, भीमजयंतीचे कार्यक्रम, शाळांची गॅदरिंग, सगळीकडे जाऊन आलोय. पण आज मी तुमच्याशी गाण्यांबद्दल नाही बोलणार. गाण्याच्या मधात जे बोललं जातं ना, त्याच्याबद्दल बोलणार आहे. म्हणजे बँडचा मास्टर किंवा ऑर्केस्ट्राचा लीडर गाणं चालू असतानाच वाजवणाऱ्यांना जे ओरडून सांगतो ते. हां, फिर से, उठाव (म्हणजे जोर एकदम वर न्या), छोड, मुखडा, लंबा कर. तुम्ही ऐकलं असेल, फक्त त्याच्याकडे लक्ष गेलं नसेल.

मागच्या उन्हाळ्यात रात्री सक्करदऱ्याकडून घरी येत होतो तर समोर वरात, गाडी बाजूला लावून उभा राहिलो. संदल होतं. नागपूरच्या बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आपल्याकडे संदल म्हणा की धुमाल म्हणा, गाडीवर कीबोर्ड किंवा बेंजो, आणि रस्त्यावर ताशे, ढोल, नगाडे, झांजा, असा सगळा ताफा असतो. मास्टर गाडीवर, डावा हात कीबोर्डवर आणि उजवा हात हवेत. आणि त्याचे डोळे, मंडळी, त्याचे डोळे कीबोर्डवर नव्हतेच. तो नवरदेवाच्या मामाकडे पाहत होता. मामा इतका वेळ बाजूला उभे होते, कोणीतरी त्यांना ओढून मधात आणलं, ते नको नको म्हणत होते आणि त्यांचा एक पाय मात्र हलायला लागला होता. मास्टरनं ते पाहिलं आणि ओरडला, "लंबा कर, लंबा कर!" गाणं खरं तर संपत आलं होतं. सगळ्यांनी तोच तुकडा पकडून ठेवला, चार वेळा, आठ वेळा, मामा मोकळे झाले, हात वर गेले, आणि तेव्हा मास्टर ओरडला, "ए छोटे, उठाव!" आणि ताशावाल्या पोरानं जी तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, काढली, काय सांगू, गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या.

आता ह्यात वेळेचा हिशोब बघा, मला तो फार आवडतो. समजा गाणं मिनिटाला 120 ठोक्यांनी चाललंय, नाचायच्या गाण्याला एवढी लय असतेच. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा. मास्टरला हाक मारायची आहे ती बदल व्हायच्या आधी, बदल होताना नाही. समेवर, म्हणजे बारच्या पहिल्या ठोक्यावर ओरडला तर वाया, सम गेली. बार संपायला दोन ठोके उरले असताना ओरडला तर वाजवणाऱ्याच्या हातात एक सेकंद राहतो. त्या एका सेकंदात त्यानं ऐकायचं, समजायचं, काठी वर न्यायची. म्हणजे जो ओरडतोय तो कायम गाण्याच्या दोन-तीन सेकंद पुढं जगत असतो. हाताखाली आत्ताचं वाजतंय आणि डोक्यात पुढचं. मला विचाराल तर सुरांपेक्षा हे अवघड आहे, सूर रियाझानं येतो, हे माणसांकडे बघून बघून येतं.

आणि रस्त्यावर अजून एक भानगड असते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ताफा तीस मीटर लांब पसरला तर शेवटच्या ढोलवाल्याला मास्टरचा आवाज जवळपास सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. ऐकायला काहीच नाही वाटत, पण 120 च्या लयीत तो ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला, आणि तो कानावर भरोसा ठेवून वाजवत राहिला तर मागची ओळ पुढच्या ओळीपेक्षा लंगडी ऐकू येते. म्हणून मागचे लोक हाताकडे बघतात. ढोल-ताशा पथकात बोटं दाखवतात, एक बोट म्हणजे पहिला हात, म्हणजे पहिला ठेका, दोन बोटं म्हणजे दुसरा, आणि मूठ बंद केली की थांबा. जॅझ वाजवणाऱ्यांमध्ये डोक्यावर हात ठेवतात, म्हणजे मूळ चालीवर परत या, कारण मूळ चालीला ते हेडच म्हणतात. आपण त्याला मुखडा म्हणतो. त्यांचं डोकं आणि आपलं तोंड, शरीर एकच.

पण हाताची खूण रेडिओवर दिसत नाही ना! आणि इथून मला जे सांगायचंय ते सुरू होतं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये बॉब विल्स नावाचा एक फिडलवाला होता, 1905 चा जन्म. त्याचा बँड होता टेक्सास प्लेबॉइज. 1934 पासून ते शेजारच्या ओक्लाहोमातल्या तलसा शहरात केव्हीओओ (KVOO) नावाच्या रेडिओ स्टेशनवर दुपारी वाजवायचे, शेतातले लोक जेवणाच्या सुट्टीत ऐकायचे. विल्स गाण्याच्या मधात मोठ्यानं आ-हा करायचा, आणि ज्याची पाळी आली त्याचं नाव घ्यायचा. स्टील गिटारवाला लिऑन मॅकॉलिफ, तर "टेक इट अवे, लिऑन!" म्हणजे घे लिऑन, आता तुझं. असं सांगतात की 1935 मध्ये पहिलं रेकॉर्डिंग होतं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, हे ओरडणं बंद करा, मागचं वाजवणं झाकलं जातंय. विल्स म्हणाला, मग सामान बांधा, आम्ही घरी जातो. शेवटी ओरडणं राहिलं. आता विचार करा, घरी रेडिओपुढं बसलेल्या बाईला स्टेज दिसत नाही, कोण वाजवतंय दिसत नाही, पण तिला लिऑन माहीत झाला. एका हाकेत वाजवणाऱ्याला त्याची पाळी कळली आणि ऐकणाऱ्याला त्याचं नाव कळलं. एकच शब्द, दोन कामं.

ह्याच्याइतकी चांगली हाक मला दुसरी माहीत नाही.

अमेरिकेतला फंक संगीताचा गायक जेम्स ब्राउन तर ह्या गोष्टीचा राजा. त्याच्या गाण्यात अर्ध्या ओळी श्रोत्यांसाठी आणि अर्ध्या बँडसाठी असतात, आणि दोन्ही एकाच आवाजात, शिवण दिसतच नाही. कडक माणूस, चुकलं की पैसे कापायचा, नाचता नाचता हातानं खूण करून दंड लावायचा. सॅक्सोफोनवाला मेसिओ पार्कर, त्याला तो गाण्यात नावानं हाक मारायचा, "मेसिओ!" आणि आज जगात कुठंही ह्या संगीताचा शौकीन असेल त्याला मेसिओ हे नाव माहीत आहे. बरं, आता दुसरी गोष्ट ऐका. 1967 चं ब्राउनचं कोल्ड स्वेट गाणं, त्यात तो आधी मेसिओला बोलावतो आणि मग म्हणतो ड्रमरला थोडं द्या. 1969 च्या नोव्हेंबरमध्ये फंकी ड्रमर रेकॉर्ड केलं, त्यातही तेच. बँडला सांगतो की मी चारपर्यंत मोजलं की सगळे थांबा, ड्रमरला एकट्याला जाऊ द्या, आणि पुन्हा चार मोजले की आत या. ड्रमरला सांगतो, सोलो करू नकोस, जे चाललंय तेच ठेव. आणि तो ठेवतो. काही सेकंदांचा तो तुकडा पुढं शेकडो रॅप गाण्यांमध्ये कापून वापरला गेला, तुम्ही नक्की ऐकलाय, माहीत नसताना ऐकलाय.

त्या ड्रमरचं नाव क्लाइड स्टबलफील्ड. 2017 मध्ये गेला. गाण्याच्या हक्कांत त्याचा हिस्सा नव्हता म्हणून त्या शेकडो गाण्यांचे पैसेही त्याला फारसे मिळाले नाहीत. आणि मी ते रेकॉर्डिंग कितीदा ऐकलं असेल, हेडफोन लावून रात्री ऐकलंय, त्या जागी ब्राउन "ड्रमर" म्हणतो, "क्लाइड" नाही म्हणत. मला दरवेळी वाटतं, म्हण ना बाबा, एकदा म्हण. मेसिओचं नाव त्याच आवाजानं जगभर नेलं ना.

आपल्याकडे ह्याच्या वेगळ्याच तऱ्हा आहेत. कीर्तनात बुवा निरूपण करता करता "विठ्ठल विठ्ठल" म्हणतात आणि मृदंगी समजतो की बोलणं संपत आलंय, आता गजर आहे, हात तयार ठेव. लोकांना ते देवाचं नाव वाटतं, आणि ते आहेच, पण मृदंगावरच्या माणसाला त्यात अजून एक निरोप असतो. संगीत नाटकात तर गंमतच, हाक प्रेक्षकातून यायची, वन्स मोर, आणि ऑर्गनवाला-तबलेवाला नटाच्या चेहऱ्याकडे बघायचे की घ्यायचं का परत. अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या जॅझ बँडचं 1955 चं एप्रिल इन पॅरिस ऐका, त्यात गाणं संपतं, संपलं असं वाटतं, आणि बेसी स्वतःच म्हणतो वन मोअर टाइम. पुन्हा संपतं, पुन्हा बोलावतो. आपल्याकडे मायबाप रसिक सांगायचे, तिथं लीडरच रसिक झाला.

माझ्यासोबत एकदा काय झालं ते सांगतो, कारण त्यातून मी खूप शिकलो. वर्धा रोडवर एका लॉनमध्ये कार्यक्रम होता, मी तेव्हा नवीन, बावीस-तेवीसचा. हळवं गाणं होतं, शेवटच्या अंतऱ्याला सगळ्यांनी थांबायचं आणि गायिकेनं एकटीनं म्हणायचं असं लीडरच्या मनात आलं, आधी ठरलेलं नव्हतं. तो ओरडला, "छोड!" म्हणजे सोडा, थांबा. मला ऐकू आलं "तोड". तोड म्हणजे आमच्यात ठेका तोडून जोरात भरणा घ्यायचा. सगळे थांबले आणि मी एकटा धाडधाड भरणा घेतला, त्या बाईंच्या स्वरावर. त्यांनी डोळे मिटले होते ते उघडले. एवढंच. कोणी काही बोललं नाही, गाणं पुढं गेलं. पण त्या उघडलेल्या डोळ्यांनी मला पुढं कितीतरी रात्री झोपू दिलं नाही.

नंतर चहा पिताना लीडरनं मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, चूक तुझी नाही बेटा, शब्दाची आहे. गोंगाटात व्यंजन मरतं, स्वर उरतो. छोड, तोड, जोड, गर्दीत तिन्ही म्हणजे नुसता ओ. तेव्हापासून आमच्या ऑर्केस्ट्रात थांबायला "बस" आणि सोबत मूठ, परत घ्यायला "फिर से", मुखड्याला "मुखडा", आणि एकट्यानं वाजवायचं असेल तर त्याचं नाव. प्रत्येकाचं नाव वेगळं, त्यामुळे घोटाळा होत नाही, असं ते म्हणाले. मी म्हणेन त्याच्याहून मोठं काहीतरी झालं. पहिल्यांदा त्यांनी माइकवर माझं नाव घेतलं, ढोलकच्या तुकड्यासाठी, मानकापूरच्या एका कार्यक्रमात, आणि तुकडा संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तेच नाव घेऊन वाहवा दिली. मी आजोबांना ओळखत नव्हतो. त्यांना माझं नाव दहा सेकंदांपूर्वी कळलं होतं.

आता मोठ्या कार्यक्रमांत हे बदलत चाललंय. वाजवणाऱ्यांच्या कानात इअरफोन, त्यात क्लिक ट्रॅक टिक टिक करतोय, आणि लीडरकडे वेगळा टॉकबॅक माइक, तो जे बोलतो ते फक्त वाजवणाऱ्यांच्या कानात जातं. अंतरा, दोन, तीन, चार. मीही त्यात वाजवलंय आणि खरं सांगतो, चुका होत नाहीत, आवाज स्वच्छ येतो, आमच्या कानांनाही त्रास कमी. त्याला मी वाईट नाही म्हणणार. पण समोर बसलेल्या माणसाला आता काहीच ऐकू येत नाही, त्याला वाटतं सगळं आपोआप होतंय. माझं एवढंच मागणं आहे लीडर लोकांना, कोणी ऐकत असतील तर, की बाकीचं सगळं कानात सांगा, पण नाव मात्र बाहेरच्या माइकवर घ्या.

त्या सक्करदऱ्याच्या वरातीचं राहिलं. गाणं बदलायच्या मधे ताफा पाणी प्यायला थांबला तेव्हा मी त्या ताशावाल्या पोराजवळ गेलो. पंधरा-सोळाचा असेल, बोटांना पट्ट्या बांधलेल्या, काडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळत होता. म्हटलं काय वाजवलं बे तू, नाव काय तुझं? म्हणाला, छोटे. म्हटलं ते मास्टर म्हणतो, खरं नाव? त्यानं सांगितलं. मी मास्टरकडे गेलो, ओळख दिली, धंद्यातलाच माणूस म्हणून, आणि म्हटलं पुढच्या उठावाला पोराला त्याच्या नावानं बोलवा ना, माझ्याखातर. मास्टर माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, भाऊ, माझ्याकडे तीन छोटे आहेत, मी ओरडलो की ज्याची पाळी आहे तो बरोबर समजतो. आणि गाडीवर चढला.

ताफा सुरू झाला. मी चालत राहिलो सोबत, पाचशे मीटर तरी. दोन गाणी झाली, छोटेच चाललं होतं. तिसऱ्या गाण्याला, बरोबर दोन ठोके उरले असताना, त्यानं माइक तोंडाजवळ घेतला आणि त्या पोराचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. पोरानं एकदा वर पाहिलं, गाडीकडे. तर्री एका ठोक्यानं उशिरा सुरू झाली.

पण काय सुरू झाली मंडळी!