सेवा करायला आलेल्याला नकार कशाच्या आधारावर द्यायचा?

नमस्कार. अमेरिकेतील महाविद्यालयांत सत्र सुरू झाले की आवारात फ्रॅटर्निटींची, म्हणजे सदस्य निवडून घेणाऱ्या विद्यार्थी-संघटनांची, टेबले मांडली जातात आणि नव्या विद्यार्थ्यांना सदस्य होण्याचे आमंत्रण मिळू लागते. शिकायला तिकडे गेलेली आपली मुलेमुलीही या टेबलांपाशी थांबतात. त्यांतल्या एका वेगळ्या प्रकाराविषयी, म्हणजे सेवेसाठी चालणाऱ्या फ्रॅटर्निटीविषयी आणि तिच्या सदस्यनिवडीविषयी आज बोलायचे आहे.

या प्रकारातले ठळक नाव म्हणजे अल्फा फाय ओमेगा. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील लाफायेट महाविद्यालयात १६ डिसेंबर १९२५ रोजी फ्रँक रीड हॉर्टन आणि त्यांच्या सहाध्यायांनी ती स्थापन केली. बालवीर चळवळीतील मूल्ये महाविद्यालयीन वयातही टिकावीत हा त्यांचा हेतू होता. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही तिची तीन तत्त्वे. सामाजिक, म्हणजे मुख्यतः मैत्री आणि सहवासासाठी चालणाऱ्या, फ्रॅटर्निटीत असलेला विद्यार्थीही इथे सदस्य होऊ शकतो.

सामाजिक फ्रॅटर्निटीत सदस्य निवडण्याची जुनी रीत गुप्त मतदानाची होती. पेटीत पांढऱ्या गोट्यांबरोबर एक जरी काळी गोटी निघाली, तरी उमेदवार बाद होत असे आणि ती कोणी टाकली, का टाकली, हे विचारण्याची सोय नसे. आज गोट्या नसल्या तरी ती वृत्ती बैठकीतल्या एका वाक्यात शिल्लक आहे: ‘ती आपल्यात मिसळत नाही.’

समजा, एका मुलीने उमेदवारीच्या सात-आठ आठवड्यांत ठरलेले सर्व तास भरले. अन्नपेढीत डबे लावले, रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसली, साप्ताहिक सभाही चुकवल्या नाहीत. मात्र संध्याकाळी ती ग्रंथालयात पगारी काम करते, त्यामुळे काम संपल्यावर सगळे पिझ्झा खायला जातात तेव्हा ती नसते. सत्राअखेरीच्या बैठकीत कोणीतरी ते वाक्य उच्चारते, दोघे मान डोलावतात, आणि तिला ओळखतही नसलेले बाकीचे सदस्य त्या तिघांचे पाहून हात वर करतात. तिच्या कामाची नोंदवही मात्र टेबलावर न उघडता पडून राहते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तो नेमका नोकरी करून शिकणाऱ्यांवर, लांबून ये-जा करणाऱ्यांवर आणि उच्चार वेगळे असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांवर होतो, कारण त्यांच्यापाशी गप्पांना वेळ कमी आणि ओळखी त्याहून कमी असतात.

यावर उपाय अवघड नाही. सदस्यत्वाच्या अटी पहिल्याच दिवशी सर्वांना लेखी द्याव्यात आणि त्या मधेच बदलू नयेत. तासांची नोंद उमेदवारालाही पाहता यावी. कोणी मागे पडत असेल, तर जबाबदार सदस्याने निम्म्या मुदतीतच त्याच्याशी एकांतात बोलावे. अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेश मिळालाच पाहिजे. आक्षेप असेल, तर तो घडलेल्या वर्तनाविषयी असावा आणि उमेदवाराला उत्तर देण्याची संधी मिळावी. वर्गणी परवडत नसेल त्याला गाजावाजा न करता सवलत द्यावी. उमेदवाराची ‘परीक्षा’ म्हणून त्याला अपमानास्पद कामे सांगणे तर कोणत्याही सबबीखाली चालता कामा नये. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत संमत झालेल्या संघीय कायद्याने अशा छळाच्या घटनांची नोंद जाहीर करणे महाविद्यालयांवर बंधनकारक केले आहे.

निकष बदलता येतात, हे या संघटनेच्या इतिहासातूनही दिसते. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा अमेरिकी कायदा १९७२ चा. सामाजिक फ्रॅटर्निटींना त्यातून पुढे सूट मिळाली. अल्फा फाय ओमेगाने मात्र १९७६ मध्ये स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व खुले केले. जवळपास अर्धशतक ‘आपल्यात’ न बसणाऱ्या विद्यार्थिनी त्यानंतर अनेक शाखांच्या अध्यक्षही झाल्या.

ज्यांचे तास खरोखरच अपुरे राहिले, त्यांना काय सांगायचे? अट कोणती राहिली ते लेखी कळवावे, केलेले काम नोंदीत ठेवावे आणि पुढच्या सत्रात पुन्हा येण्याचे आमंत्रण त्याच पत्रात द्यावे.