जे, क्यू, एक्स, झेड : चार महागडी अक्षरं

(दृश्य : तळहातावर ठेवलेली लाकडी सोंगटी. कॅमेरा अगदी जवळ.)

अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी, चौकोनी, लाकडाची सोंगटी. तिच्यावर इंग्रजी क्यू, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक आकडा : १०.

ही स्क्रॅबलची सोंगटी. अक्षरं जुळवून शब्द करायचे आणि गुण मिळवायचे, असा हा खेळ. या खेळाच्या इंग्रजी संचात अशा १०० सोंगट्या असतात. त्यात ई हे अक्षर १२ वेळा येतं आणि क्यू एकदाच. झेड, एक्स आणि जे, हेही एकेकटेच. १९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी आली आणि आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाचं काम सुटलं. त्यांनी खेळ रचायला घेतला. वर्तमानपत्रांची पानं पुढ्यात ओढली आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसले. जे अक्षर क्वचित सापडलं ते महाग ठरलं. क्यू आणि झेडला १० गुण, जे आणि एक्सला ८.

ही अक्षरं असलेला लांबलचक शब्द समोर आला की आपली जीभ अडखळते, स्पेलिंग डोक्यात राहत नाही, अर्थ तर दूरच. मला मात्र हे शब्द फार प्रिय आहेत. यातलं एखादं अक्षर दिसलं की खुशाल ओळखावं, हा शब्द बहुतेक लांबून चालत आलाय. आणि लांबून आलेल्याला विचारलं, की तो वाटेतल्या गोष्टी सांगतो.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश छापला. त्यात एक्सखाली एकही शब्द नाही. सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या, शब्दांमध्ये हे अक्षर सापडतं, पण त्यानं सुरू होणारा शब्द इंग्रजीत नाही, एवढीच नोंद. आज आपण झायलोफोन म्हणतो, झेनोफोबिया म्हणतो. उच्चार ‘झ’चा, पण स्पेलिंग एक्सनं सुरू होतं. हे सगळे ग्रीकमधून आलेले. ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड, ‘फोने’ म्हणजे आवाज. लाकडी पट्ट्यांवर वाजणारं ते झायलोफोन. ‘झेनोस’ म्हणजे परका आणि ‘फोबोस’ म्हणजे भीती.

क्यूची कथा निराळी. राणीसाठीचा ‘क्वीन’ हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, पण तो पूर्वी सी-डब्ल्यूनं लिहीत. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यामागून फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू बसलं.

(दृश्य : गडद कापडावर आखलेल्या रेघा. एक गोल चकती एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकते.)

त्याच नॉर्मन राजवटीनं इंग्रजीला ‘एक्सचेकर’ हा शब्द दिला. एक्स आणि क्यू, दोन्ही त्यात आहेत. अर्थ, सरकारी खजिना. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’च असतात.

बाराव्या शतकातलं ते मेज डोळ्यांपुढे आणा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद. वर काळं कापड, कापडावर रेघा. एका बाजूला राजाचे अधिकारी, समोर आपल्या मुलखाची वसुली घेऊन आलेला शेरीफ. बेरीज-वजाबाकी चालायची ती चकत्यांवर. एका रकान्यात चकती ठेवली तर ती एक पेनी, शेजारच्या रकान्यात सरकवली तर शिलिंग, त्याच्या पुढे पौंड. येणं किती, भरलं किती, ते सगळ्यांच्या देखत मांडलं जाई. हे मेज बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, म्हणून पटाचं फ्रेंच नाव त्या कचेरीला चिकटलं. आणि त्या नावाचं मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळात आपण शह देतो, तो हाच. बँकेचा चेक आणि चौकटीचा चेक्स शर्टही याच राजाच्या वंशातले. ‘एक्सचेकर’मधलं एक्स मात्र चुकून शिरलंय. लॅटिनमधले ‘एक्स’नं सुरू होणारे शब्द पाहून लिहिणाऱ्यांना वाटलं, हाही त्यांतलाच.

आता झेड. इंग्रजीत असा एक शब्द होऊन गेला, ज्यात सहा झेड आहेत : झेन्झिझेन्झिझेन्झिक. सोळा अक्षरं. वेल्समधले वैद्य आणि गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी तो १५५७ साली आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात वापरला. बरोबरचं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, प्रथम छापल्या गेल्या त्या याच पुस्तकात. ‘झेन्झिक’ म्हणजे वर्ग. वर्गाचा वर्ग, आणि त्याचाही पुन्हा वर्ग, म्हणजे हा शब्द. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६. पुढे अंकाच्या डोक्यावर बारीकसा घातांक लिहायची रीत रुळली आणि जे सांगायला सोळा अक्षरं लागत, ते एका आठच्या आकड्यावर भागलं. शब्द मेला. मला त्याची हळहळ वाटते, कारण तो स्वतःच स्वतःचं गणित मोठ्यानं म्हणून दाखवायचा.

शब्दकोशातल्या ४५ अक्षरी शब्दाचं कौतुक सगळीकडे होतं : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. पण तो १९३५च्या सुमारास कोडी घालणाऱ्यांच्या वर्तुळात मुद्दाम लांबवून घडवलेला शब्द आहे, आणि आपल्या चार अक्षरांपैकी त्यात एकही नाही. त्यापेक्षा ‘क्विंक्वजनेरियन’ घ्या. पंधरा अक्षरं, दोन क्यू, आणि अर्थ पन्नाशीतला माणूस. लॅटिन ‘क्विंक्वे’ म्हणजे पाच. संस्कृत ‘पञ्च’ आणि हा ‘क्विंक्वे’ सख्खी भावंडं, दोघांचं मूळ एकच. क्विंक्वजनेरियन आणि पन्नाशीचा, दोन्ही शब्दांच्या पोटात तोच पाच आहे. दिवस-रात्र सारखे असतात त्या ‘इक्विनॉक्स’मधला ‘नॉक्स’ म्हणजे रात्र, तोही असाच आपल्या ‘नक्त’चा भाऊ.

(दृश्य : फांदी घट्ट धरलेला पोपटाचा पाय. दोन बोटं पुढे, दोन मागे.)

या पायाला इंग्रजीत ‘झायगोडॅक्टिल’ म्हणतात. ‘डॅक्टिलॉस’ म्हणजे बोट, आणि ‘झायगॉन’ म्हणजे बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू. बोटं नीट पाहा. दोनदोनाची जोडी, जणू जुंपलेली. गर्भाची पहिली पेशी ‘झायगोट’, कारण तिथेही दोन पेशी एकत्र जुंपल्या जातात. त्याच जुवाला लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणतात, इंग्रजीत ‘योक’, संस्कृतात ‘युग’. योग, युग्म, दोन्ही याच घरातले.

(दृश्य : रिकाम्या मेजावर हात सोंगट्या मांडतो.)

‘जक्स्टपोझिशन’. जे आठ गुणांचा, एक्सही आठ गुणांचा. ‘जक्स्ट’ म्हणजे लगत, आणि तोही त्या जुवाच्याच कुळातला. एका गोष्टीला लागून दुसरी ठेवायची, म्हणजे दोघींमधलं साम्य किंवा फरक नजरेत भरतो. आता या शब्दाला लागून झायगोट ठेवूया. त्याला लागून योक. आणि योकला लागून, मराठीतलं जू.