दुसरा बेस कशासाठी?

नमस्कार श्रोतेहो.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या गोव्यात माणसांची लग्नं आणि देवळांच्या जत्रा बरोबरच सुरू होतात, आणि वाजवणाऱ्यांच्या घरी एक प्रश्न निघतो. बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर देणारी गिटार, एक आहेच, हंगामाचे चार पैसे हाती आले तर दुसरी कुठली घ्यावी? मुलं मला हे विचारतात तेव्हा मी आधी विचारतो, दुसरा बेस कशासाठी हवाय? पहिला ऐनवेळी बंद पडला तर हाताशी असावा म्हणून, की पहिल्यातून जे निघत नाही ते काढण्यासाठी? दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण एकाच वाद्यात दोन्ही भागवायला गेलात तर बहुधा एकही धड भागत नाही.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर कंपनीचा बेस घेतला, व्हायोलिनच्या आकाराचा, आतून पोकळ. १९६३मध्ये त्याच्याकडे दुसरा आला, तोही हॉफनरच. नवा पुढे आला, जुना राखीव झाला. मग १९६५च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीचा आला, भरीव लाकडाचा, लांब मानेचा, खणखणीत. हॉफनरची जोडी ही सोय होती. रिकनबॅकर हा दुसरा आवाज. जाता जाता सांगतो, तो १९६१चा हॉफनर १९७२मध्ये चोरीला गेला आणि सापडल्याची बातमी आली २०२४मध्ये. राखीव वाद्याची किंमत कळायला याहून मोठा पुरावा नको.

राखीव हवा असेल तर विचार करायचं कारणच नाही. पहिल्यासारखाच घ्या, जुना बाजारातला, स्वस्तातला चालेल. तारा त्याच जाडीच्या, मान तेवढीच रुंद. गाणं चालू असताना बदलला तरी डाव्या हाताला कळता कामा नये. विषय संपला.

दुसरा आवाज हवा असेल तर मात्र पहिल्याला नीट ओळखावं लागतं. आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो फेंडर कंपनीच्या दोन जुन्या नमुन्यांपैकी एक, किंवा त्याची स्वस्त नक्कल. प्रिसिजन १९५१चा, जॅझ बेस १९६०चा. दोघांचीही तार ३४ इंचांची. प्रिसिजनच्या पिकअपचे, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाचे, १९५७पासून दोन तुकडे झाले, आणि त्या रचनेत विजेची गुणगुण आपोआप मरते. जॅझ बेसला दोन पिकअप. दोन्ही सारखे उघडले तर गुणगुण जाते. पण एकच उघडून नाकातला, टोकदार आवाज काढायला गेलात की ती परत येते. देवळाच्या मांडवात तोरणाचे दिवे, पाठीमागे जनरेटर, अर्थिंगचा पत्ता नाही. अशा ठिकाणी ही गुणगुण नांदीच्याही आधी सुरू होते. शिवाय जॅझचे दोन्ही पिकअप मिळून मधले स्वर थोडे खातात. घरी ऐकताना आवाज गोड वाटतो, पण घुमट, ढोल आणि की-बोर्ड एकत्र आले की तो त्यांच्याखाली गडप होतो. प्रिसिजन तिथे दिसायला साधा आणि ऐकायला जाडाभरडा, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तेव्हा ज्याच्याकडे जॅझ आहे आणि जो मोकळ्या मैदानात वाजवतो, त्यानं फार भटकू नये. प्रिसिजन घ्यावा. जॅझची मान वर निमुळती असते, तिथून इथे आल्यावर मूठ थोडी भरते, एवढाच फरक.

आता पाच तारांच्या बेसबद्दल. हा सगळ्यांनाच हवा असतो, आणि त्याबद्दल मी थोडा वेळ घेणार आहे.

चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ई, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत आपली पांढरी तीन, ४१ हर्ट्झ. बायका नाट्यगीतं पुष्कळदा काळी चारच्या पट्टीत गातात. काळी चारचा षड्ज खालच्या तारेवर चौथ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या चौथ्या आडव्या धातूच्या पट्टीला, मिळतो. पण त्याच्या खालचा पंचम म्हणजे काळी दोन, आणि तो आपल्या उघड्या तारेच्या अर्धा स्वर खाली! बोट त्या दिशेला जातं आणि तार संपते. पुरुषाची काळी एक असेल तर उलटं होतं. पंचम मिळतो, पण खालचा षड्ज, ३५ हर्ट्झच्या आसपासचा, मिळत नाही. पाचवी तार ३१ हर्ट्झपासून सुरू होते, म्हणून हे दोन्ही तिच्यावर बसतात.

इथपर्यंत ऐकून पाकीट काढू नका. जत्रेतल्या पुष्कळ स्पीकरना चाळिसाच्या खालचा सूर धड पेलत नाही. श्रोत्याला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे अंश, आणि मूळ सूर त्याचा मेंदू मनानंच जोडून घेतो. म्हणजे ज्या खर्जासाठी पैसे मोजले तो मांडवात फारसा वाजतच नाही. मग पाच तारा नकोत? हव्यात, पण वेगळ्या कारणासाठी. पहिल्या चार फ्रेटमध्ये बोटं फाकवून जे वाजवावं लागतं, ते पाचव्या तारेमुळे मानेच्या मध्यावर, आरामात, एका जागी हात ठेवून वाजतं. गायक आयत्या वेळी म्हणाला, ‘बाब, आज अर्ध्यानं खाली घे,’ तरी घाम फुटत नाही. ज्याला दर आठवड्याला वेगवेगळ्या गायकांबरोबर बसायचंय त्यानं जरूर घ्यावा. ज्याचा एकच बँड आहे आणि पट्ट्या ठरलेल्या आहेत, त्यानं खालची तार अर्ध्या स्वरानं उतरवून पाहावी. फुकटात होतं.

घ्यायचाच असेल तर ती पाचवी तार दुकानात हळू छेडून पाहा. जोरात मारली तर सगळ्याच बऱ्या वाटतात. हळू छेडल्यावर सूर ऐकू यायला हवा, नुसता गडगडाट नको. काही कारखाने यासाठीच तारेची लांबी ३५ इंचांची करतात, म्हणजे ती जरा ताणलेली राहते.

फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला बेस, हा माझा लाडका विषय, तेव्हा माझं मत थोडं झुकतं आहे हे धरून चाला. १९५१ साली लिओ फेंडरनं फ्रेट बसवले ते सूर बिनचूक लागावा म्हणून. उभ्या डबल बेसला फ्रेट नसतात. आपल्या नाट्यपदात, अभंगात स्वरावरून स्वरावर जाताना जी मींड लागते, ती फ्रेटवर पायऱ्यापायऱ्यांनी येते. फ्रेटलेसवर ती गळ्यासारखी येते. अमेरिकन वादक जॅको पॅस्टोरियसचा फ्रेटलेस जॅझ बेस ऐकलेल्यांना हे सांगायला नको. पण अडचणीही सांगतो. बोट फ्रेटच्या मागे नाही, बरोबर फ्रेटच्या जागी पडावं लागतं. मंचावर अंधार असतो, म्हणून मानेवर रेषा आखलेला घ्या. शिकाऊ म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. आणि साथीला पेटी असेल तर गंधार पेटीचा मानायचा. शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. तुम्ही तो खरा लावाल, पेटीवाले तुमच्याकडे वळून बघतील, आणि कार्यक्रमानंतर जेवणाच्या पानावर तो विषय निघेल.

तीस इंची तारेचा आखूड बेस हाताला हलका. लहान बोटांना, खांदा धरलेल्यांना चांगला. पोकळ असेल तर मोठ्या आवाजात शिट्टी मारतो. बॅटरीवर चालणारा, १९७६च्या स्टिंगरे या नमुन्याच्या जातीचा, आवाजात दमदार. पण पुष्कळशा नमुन्यांत केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढा, आणि बेसच्या पेटीत नऊ व्होल्टची एक जास्तीची बॅटरी ठेवा.

एक गोष्ट खरेदीच्या आधी करून बघा. आहे त्याच बेसवर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी तार गुंडाळलेल्या, तारा चढवा. नेहमीच्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारांच्या खाचांत आपल्या हवेतलं मीठ आणि हाताचा घाम बसतो, महिन्याभरात त्या मुक्या होतात. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज गोल, गंभीर. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसननं प्रिसिजनवर आयुष्यभर अशाच तारा वापरल्या, आणि त्या तुटेपर्यंत बदलायचा नाही असं सांगतात. त्यांचा ताण जास्त असू शकतो, तेव्हा मान तपासून घ्यावी लागते. पण पुष्कळदा ‘दुसरा बेस’ म्हणून जो आवाज डोक्यात असतो तो हाच निघतो, आणि तारांच्या किमतीत मिळतो.

एवढं करूनही दुकानात जायचं ठरलं, तर आपला बेस बरोबर न्या. दोन्ही एकाच अ‍ॅम्पला लावा, सगळी बटणं मध्यावर. एकच ओळ दोन्हींवर वाजवा आणि मित्राला दाराबाहेर उभा करून, पाठ फिरवून ऐकायला सांगा. त्याला फरक कळला नाही तर तो बेस तुमच्यासाठी राखीव आहे, दुसरा आवाज नाही. मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. मान जमिनीकडे झुकत असेल तर दोन तासांच्या कार्यक्रमात ती तुमच्या मनगटावर झुकणार आहे. रंग शेवटी बघा. आणि एका वेळी एकच मोठा बदल करा. पाच तारा आणि फ्रेटलेस, दोन्ही एकदम असलेलं वाद्य वाईट नसतं, पण पहिल्या हंगामात ते तुम्हाला वाजवतं.

दोन बेस झाल्यावर एक घरी पडून राहणार. जून ते सप्टेंबर तो पेटीत बंद राहिला तर बुरशी धरतो, मान फुगून तारा वर येतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, भिंतीला पाझर असेल त्या खोलीत ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा काढून वाजवा. तारा वर आल्याच तर ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई, पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. लाकडाला एक रात्र द्या, सकाळी परत बघा. किल्ली जड जात असेल तर जोर न लावता कारागिराकडे न्या.

नमस्कार.