मामेबहीण, आतेबहीण आणि आकडेमोड

श्रोतेहो, नमस्कार. पौषात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेलात, तर मालदांडी ज्वारीची शेजारशेजारची दोन ताटं नीट बघा. एकाचं कणीस ओंजळभर, दुसऱ्याचं मुठीत मावणारं. फरक बियाण्याचा, की तिथं ओल जास्त टिकली त्याचा? बांधावर यावर तासभर बोलणं होतं. हाच प्रश्न आकड्यांनी सोडवायचा, ते सांख्यिकी अनुवंशशास्त्र. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या सोलापूरच्या मुलामुलींनी या वाटेला यावं, म्हणून मी आज बोलतोय.

उंचीसारखा गुण अनेक जनुकांच्या बारीक वाट्यांची बेरीज असू शकतो, हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ साली गणितानं दाखवलं. शेतातल्या प्रयोगात कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायची पद्धतही त्यांनीच रुजवली.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. मधुमेहाचा दुवा शोधायला त्यातल्या १० लाख जागा तपासल्या आणि नेहमीची ०.०५ ची कसोटी लावली, म्हणजे संबंध नसताना शंभरात पाच वेळा योगायोगानं फसणं चालवून घेतलं, तर कशाचाच संबंध नसतानाही सुमारे ५०,००० जागा ‘सापडतात’. म्हणून तिथं कसोटी ०.०००००००५ इतकी कडक. हा गुणाकार फळ्यावर मांडला की वर्ग शांत होतो.

जीवशास्त्र बारावीला सुटलं म्हणून घाबरू नका, ते भरून काढता येतं. संभाव्यता मात्र पक्की हवी. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आहे, शेतीची ओढ असेल तर दिल्लीत कृषी सांख्यिकीची संस्था आहे. ‘आर’ ही संगणकभाषा फुकट मिळते, आजच हात घाला.

आणि आपली माणसं या कामात हवीतच. जगातले असले बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. तिथं बांधलेला आजाराच्या जोखमीचा अंदाज इथं तितका नेमका बसत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. अशा जोडप्याच्या मुलात एखाद्या जागेच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १६ मध्ये १. आत्याची मुलगी केली तरी तेवढीच. पण एक्स गुणसूत्रावर हिशेब फिरतो. मामाची मुलगी केली, तर होणाऱ्या मुलीत ही शक्यता ८ मध्ये १. आत्याची केली, तर शून्य, कारण आत्याशी नातं वडिलांकडून, आणि मुलग्याला वडिलांकडून एक्स मिळतच नाही. इंग्रजीत दोघीही ‘कझिन’. आपल्या घरातली आजी त्यांना पहिल्यापासून दोन वेगळ्या नावांनी हाक मारते.