एकच माणूस, दोन ३१ जुलै

(दृश्य: ७ नंबरची ट्रेन, खिडकीतून क्वीन्समधल्या घरांच्या गच्च्या)

ही न्यूयॉर्कची ७ नंबरची ट्रेन. मॅनहॅटनहून नदीच्या खालून येते, मग क्वीन्समधे जमिनीतून वर निघते आणि लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना जवळजवळ चिकटून धावत राहते. जॅक्सन हाइट्सला आपली बरीच माणसं उतरतात, कढीपत्ता, पोहे, मिठाई घ्यायला. आपण उतरायचं शेवटून दुसऱ्या स्टेशनवर. मेट्स-विलेट्स पॉइंट.

(दृश्य: स्टेडियमच्या बाहेरचं मोठं लाल सफरचंद, त्याच्याशेजारी फोटो काढणारी मुलं)

हे सफरचंद जुन्या शे स्टेडियममधलं. घरच्या टीमने, म्हणजे न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमने, होमरन (आपल्या सिक्ससारखा, बॉल थेट मैदानाबाहेर) मारला की ते वर यायचं. आता सिटी फील्ड या नव्या स्टेडियमच्या आत नवीन सफरचंद आहे, ते पण तसंच वर येतं, आणि हे जुनं बाहेर उभं आहे. २०१५ च्या जुलैमधे आतलं सफरचंद फारसं हलतच नव्हतं, आणि एका बॅटरच्या दोन सौद्यांची आमची गोष्ट तिथूनच सुरू होते.

(दृश्य: टेबलावर जुनी स्कोअरबुक, पेन्सिल, खोडरबर)

ही वही आमच्या ओळखीतल्या एका काकांची आहे. फ्लशिंगमधे राहतात, शे स्टेडियम होतं तेव्हापासून मेट्सच्या मॅचेस बघतात आणि प्रत्येक मॅच पेन्सिलने लिहून काढतात. एका बॅटरला एक ओळ, एका इनिंगला एक चौकट (इनिंग नऊ, बरोबरी झाली तर अजून). चौकटीत छोटा चौकोन असतो, होमरन झाला की तो पूर्ण काळा करायचा. स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आऊट झाला की इंग्रजी के, आणि बॅटर बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर उलटा के.

हे पान २३ जुलै २०१५ चं. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, क्लेटन कर्शॉ. पहिल्या सहा इनिंगच्या चौकटी बघा, एक पण मेट्सवाला पहिल्या बेसपर्यंत गेलेला नाही, अठरापैकी अठरा आऊट. आता डावीकडे नावं वाचा. चौथ्या नंबरला, म्हणजे जिथे टीमचा सगळ्यात जोरात मारणारा माणूस असतो तिथे, जॉन मेबेरी ज्युनियर, ॲव्हरेज .१७०. पाचव्या नंबरला एरिक कॅम्पबेल, .१७९. बेसबॉलमधे .३०० म्हणजे भारी बॅटर आणि .२०० च्या खाली म्हणजे जागा जायची वेळ, आणि इथे मधली फळीच .२०० च्या खाली.

मॅच ३-० ने गेली. काकांनी पानाच्या खाली काही लिहिलेलं नाही, एरवी ते काहीतरी लिहितात.

(दृश्य: मैदानात सराव करणारा शाळकरी पिचर, स्लो मोशनमधे खांदा, कोपर, मनगट)

आणि याच टीमकडे पिचिंग कसलं होतं! मॅट हार्वी, जेकब डिग्रॉम, नोआ सिंडरगार्ड, स्टीव्हन मॅट्झ, आणि त्यांच्या जोडीला चाळिशी गाठलेला बार्टोलो कोलोन. सिंडरगार्डचा फास्टबॉल ताशी १५७ किलोमीटरच्या आसपास, आणि पिचर उभा राहतो बॅटरपासून फक्त ६० फूट ६ इंचावर, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या पिचपेक्षा पण कमी अंतर, बॉल पोचायला अर्धा सेकंद पण लागत नाही. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर तुमच्याकडे चार-पाच बुमराह आहेत आणि बॅटिंगला तिसऱ्या नंबरनंतर थेट शेपूट सुरू होतं. कॅप्टन डेव्हिड राइट एप्रिलपासून बाहेर, पाठीच्या कण्याचं दुखणं निघालेलं. बॉलर १-० ने मॅच जिंकून देणार कसा, तो १ कुठून येणार?

बेसबॉलमधे जुलै महिना म्हणजे सौद्यांचा महिना. सीझन अर्धा झालेला असतो, कोण जिंकणारे आणि कोण बुडणारे ते दिसायला लागलेलं असतं, आणि तेव्हा ३१ जुलैच्या दुपारी चारला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुख्य मुदत संपायची. त्या आधी प्रत्येक शहरात एकच वाद. पिचर आणायचा का बॅटर? जुने लोक म्हणतात पिचिंगच जिंकून देतं. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आधी मला पण ते खरंच वाटायचं.

(दृश्य: कॅलेंडरवर ३१ जुलै, मग अमेरिकेचा नकाशा, ओकलंडवर लाल ठिपका)

म्हणून एक वर्ष मागे जाऊ. ३१ जुलै २०१४, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. ॲथलेटिक्स ही टीम तेव्हा ६६ जिंकून ४१ हरलेली, सगळ्या मेजर लीगमधे एक नंबर. त्यांच्याकडे लेफ्ट फील्डला एक क्यूबन खेळाडू होता, योएनिस सेस्पेडेस.

याची गोष्ट जरा सावकाश सांगतो. क्यूबातल्या काम्पेचुएला नावाच्या छोट्या गावातला मुलगा. आई एस्तेला मिलानेस सॉफ्टबॉल खेळायची, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधे क्यूबाकडून खेळली, आणि ती पिचर होती बरं का. पोरगा निघाला बॅटर. २०११ मधे क्यूबा सोडलं, २०१२ मधे ओकलंडकडून खेळायला लागला. २०१३ मधे ऑल-स्टार मॅचच्या आदल्या दिवशीची होमरनची स्पर्धा जिंकला आणि ती स्पर्धा झाली कुठे तर इथेच, याच सिटी फील्डवर. २०१४ मधे परत तोच जिंकला. खांदे असे की शर्टाच्या बाह्या फाटतील असं वाटावं, आणि थ्रो इतका जोरात की लेफ्ट फील्डमधून बॉल हवेतून थेट होम प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे.

ओकलंडचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंचे सौदे करणारा, बिली बीन. हिशोबी माणूस म्हणून जगात नाव. महिनाभर आधीच त्याने शिकागोकडून दोन पिचर आणले होते, जेफ समार्जा आणि जेसन हॅमल, आणि त्या बदल्यात ॲडिसन रसेल हा चांगला होतकरू पोरगा दिला होता. आणि ३१ जुलैला सेस्पेडेस पण दिला बोस्टनला, आणि आणला जॉन लेस्टर. डावखुरा, अनुभवी, दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या फायनल, जिंकलेला पिचर.

आता मुद्दा नीट ऐका, कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. लेस्टर ओकलंडमधे वाईट खेळला का? अजिबात नाही. त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे तो सरासरी किती रन देतो तो आकडा, होता २.३५, फारच भारी. पण स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, रोज खेळू शकत नाही, खांदा-कोपर सुजतं, म्हणून पाचव्या दिवशी एकदा. ओकलंडच्या राहिलेल्या ५५ मॅचेसमधे तो उतरला ११ मॅचेसमधे. बाकीच्या ४४ दिवशी तो डगआउटमधे बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता, आणि त्या ४४ दिवशी सेस्पेडेस पण नव्हता. टीम तिथून २२ जिंकली, ३३ हरली. दुखापती पण झाल्या, सगळं खापर एका ट्रेडवर फोडता येणार नाही, मान्य. पण पिचिंग इतकं असून टीम घसरली हे तर खरंय ना. शेवटी बाद फेरीची एकच मॅच मिळाली, कॅन्सस सिटीत, लेस्टरच पिच करत होता, आठव्या इनिंगला ७-३ ने पुढे होते आणि बाराव्या इनिंगला ९-८ ने हरले.

(दृश्य: नकाशावर ठिपका सरकतो, ओकलंड, बोस्टन, डेट्रॉइट)

बोस्टनने सेस्पेडेसला डिसेंबरमधे डेट्रॉइटला दिला, बदल्यात घेतला रिक पोर्सेलो. परत पिचर! एका माणसाला लोक सारखे देतायत आणि प्रत्येक वेळी समोरून पिचरच घेतायत.

(दृश्य: सिटी फील्डचं रिकामं मैदान, संध्याकाळ)

आता परत न्यूयॉर्क, २०१५ चा तो आठवडा. मेट्सचे जनरल मॅनेजर सँडी ऑल्डरसन, हे पूर्वी ओकलंडमधेच होते, बीन त्यांच्याच हाताखाली शिकला. २४ जुलैला त्यांनी अटलांटाकडून दोन अनुभवी बॅटर आणले, हुआन उरिबे आणि केली जॉन्सन, आणि मायकल कॉन्फोर्टो या पोराला खालच्या लीगमधून बोलावलं. २५ ला मेट्स जिंकले १५-२. काकांच्या वहीतलं हे पान बघा, पेन्सिलचं शिसं पुरलं नसेल.

मग २९ जुलै.

(दृश्य: विल्मर फ्लोरेसचा फोटो, डोळे पुसताना. संगीत नाही)

मॅच चालू असताना बातमी फुटली की मिलवॉकीच्या कार्लोस गोमेझसाठी फ्लोरेस आणि झॅक व्हीलर यांना देऊन टाकलंय. प्रेक्षकांच्या मोबाइलवर बातमी आली, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, फ्लोरेसला कळेना कशाला, मग कळलं. वय २३. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून याच क्लबमधे आलेला, दुसरं घर माहीतच नाही. टीमचे मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, टेरी कॉलिन्सना वरून काहीच कळवलेलं नव्हतं, त्यामुळे पोरगा तसाच मैदानात उभा.

(दृश्य तसंच राहू द्या, दहा सेकंद)

तो ट्रेड झालाच नाही. गोमेझच्या कंबरेच्या सांध्याची शंका आली आणि सौदा मोडला. ३० तारखेला मेट्स ७-१ ने पुढे होते, मधे पाऊस आला, मॅच थांबली, परत सुरू झाली, आणि नवव्या इनिंगला दोन आऊट असताना सॅन दिएगोच्या जस्टिन अप्टनने तीन रनचा होमरन मारला. ८-७, हरले. मेट्सच्याच डिव्हिजनमधले, म्हणजे गटातले, वॉशिंग्टन नॅशनल्स तीन मॅचने पुढे.

आणि ३१ जुलै, मुदत संपायला मोजून काही मिनिटं राहिलेली. ऑल्डरसननी मायकल फुलमर हा २२ वर्षांचा पिचर आणि अजून एक पिचर लुईस सेसा डेट्रॉइटला दिला आणि सेस्पेडेस आणला. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, उलटा सौदा. विहिरीला पाणी आहे त्या माणसाने अजून एक विहीर कशाला खणायची, त्याने बियाणं आणावं, एवढा साधा विचार होता तो. पण फुलमरसारखा पोरगा देऊन टाकायला छाती लागते.

नॅशनल्सनी काय केलं तेवढ्यात? त्यांच्याकडे ड्रू स्टोरेन नावाचा चांगला क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन हातातली मॅच राखणारा पिचर होता, २९ सेव्ह, म्हणजे राखलेल्या मॅचेस, झालेले, तरी तीन दिवस आधी फिलाडेल्फियाकडून जोनाथन पॅपलबॉन आणला. अजून एक क्लोजर. पिचिंगवर पिचिंग.

(दृश्य: रात्रीचं स्टेडियम, दिवे, सफरचंद वर येताना)

त्या रात्री नॅशनल्सशीच तीन मॅचेसची सिरीज सुरू झाली, आणि सेस्पेडेस अजून पोचला नव्हता. हार्वीने मस्त पिच केलं, १-१, बारावी इनिंग, बॅटिंगला कोण तर फ्लोरेस. होमरन. २-१. पळता पळता त्याने छातीवरचं मेट्स हे नाव मुठीत धरून ओढलं. तीनही मॅचेस जिंकल्या आणि रविवारी मेट्स नॅशनल्सच्या बरोबरीला आले.

मग सेस्पेडेस. ५७ मॅचेस, १७ होमरन, ४४ आरबीआय, म्हणजे त्याच्या मारण्याने आलेले ४४ रन. लेस्टरच्या ११ मॅचेस शेजारी ठेवा हा ५७ चा आकडा. आणि नुसते त्याचे रन मोजून भागत नाही, कारण मागे असा माणूस उभा असला की समोरचा पिचर त्याच्या आधीच्या बॅटरला टाळू शकत नाही, त्याला सरळ बॉल टाकावाच लागतो, मग बाकीचे पण मारायला लागतात. २४ ऑगस्टला फिलाडेल्फियात मेट्सने एका मॅचमधे ८ होमरन मारले, क्लबचा रेकॉर्ड, त्यातला एक चार महिन्यांनी परत आलेल्या राइटचा, पहिल्याच बॅटिंगला.

(दृश्य: काकांच्या वहीतली दोन पानं शेजारी शेजारी)

ही दोन पानं काकांनी खूण घालून ठेवलीत. डावीकडे ३० जुलै, ७-१ वरून ८-७ ने हरलेली मॅच. उजवीकडे ८ सप्टेंबर, वॉशिंग्टनमधली, १-७ ने मागे पडून ८-७ ने जिंकलेली. सातव्या इनिंगची ही चौकट सेस्पेडेसची, तीन रन आणणारा डबल (बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत), आणि आठव्यातली ही कर्क न्यूएनहाइसची, होमरन, पिचर पॅपलबॉन. दुसऱ्या दिवशी सेस्पेडेसने स्टोरेनला होमरन मारला, स्टोरेनने रागात लॉकरवर हात आपटला आणि अंगठा मोडून घेतला. दोन क्लोजर, त्यातला एक प्लास्टरमधे. २६ सप्टेंबरला मेट्सनी डिव्हिजन जिंकली, ९० विजय, त्यातले ३७ सेस्पेडेस आल्यानंतरच्या ५९ मॅचेसमधले.

पुढे बाद फेरीत डॉजर्सना ३-२ ने, शिकागो कब्जना ४-० ने हरवलं, आणि वर्ल्ड सिरीजला कॅन्सस सिटीकडून १-४ ने हार, त्यांनी त्याच जुलैमधे पिचर जॉनी क्वेटो आणि बॅटर बेन झोब्रिस्ट दोघांना आणलं होतं. दुसरी बाजू पण सांगतो. २०१६ मधे फुलमर अमेरिकन लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला आणि पोर्सेलोला सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळालं. २००८ मधे सीसी सबाथिया या पिचरने मिलवॉकीला एकट्याने खेचून नेलं होतं ते पण खरं.

(दृश्य: काका वही मिटतात, मग परत उघडतात)

निघताना मी विचारलं, काका, ३१ जुलैचं पान दाखवता का परत. त्यांनी उघडलं. बारावी इनिंग, फ्लोरेसची चौकट, आतला चौकोन काळा केलेला, इतका दाबून की कागद जरा फाटलाय. "हे बघ," म्हणाले, आणि पान उलटलं. १ ऑगस्ट. मागून तो चौकोन उमटून आलाय, पेन्सिल न लावता, नुसता वळ, आणि त्याच पानावर पहिल्यांदाच, जरा तिरक्या अक्षरात, सेस्पेडेसचं नाव.

(दृश्य: वळावरून फिरणारं बोट. इथेच थांबायचं)